‘तोपर्यंत जुनीच पद्धत’ : कोळसा खाणपट्टे वाटपाचं प्रकरण

१६ जुलै २००४ रोजी दिल्लीत कोळसा मंत्रालयाच्या सचिवांनी राज्यमंत्र्यांपुढे एक टिपण ठेवलं. मुद्दा समजायला अवघड नव्हता. कंपन्यांना त्यांच्या स्वतःच्या कारखान्यासाठी कोळशाचे पट्टे दिले जातात, त्या पट्ट्यासाठी सरकार वेगळी किंमत घेत नाही, आणि मागणारे पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कोल इंडिया ज्या भावाने कोळसा विकते आणि स्वतःच्या खाणीतून तो काढायला जेवढा खर्च येतो, यांत मोठी तफावत आहे. म्हणजे ज्याच्या पदरात पट्टा पडेल त्याला घबाड मिळतं. तेव्हा यापुढे पट्टे बोली लावून द्यावेत.

लिलावाची पहिली फेरी झाली फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधल्या साडेदहा वर्षांत देशात कोणाला हा मुद्दा पटला नव्हता असं नाही. तो सुरुवातीलाच पटला होता, फाइलवर मान्यही झाला होता. मान्य झालेली गोष्ट अमलात का आली नाही, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहायचं आहे. भ्रष्टाचाराच्या बातम्यांत आपण पैसे कोणी खाल्ले एवढंच शोधतो. ते शोधायलाच हवं. पण पैसे खाण्याची जागा कशी तयार झाली आणि ती इतकी वर्षं उघडी कशी राहिली, हा प्रश्न मला जास्त जड वाटतो.

लाभार्थी कंपन्या आणि बहुतेक अधिकारी यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांचा उल्लेख पदानेच केला आहे. काही खटले वर्षानुवर्षं अपिलात राहिले आहेत, आणि इथे माणसांपेक्षा निर्णय महत्त्वाचे आहेत.

पार्श्वभूमी

१९७३ च्या कायद्याने कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे कोल इंडिया उभी राहिली आणि कोळसा काढणं हे जवळजवळ पूर्णपणे सरकारी कंपन्यांचं काम झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विजेची टंचाई वाढत होती, कोल इंडियाकडे सगळे साठे खणायला पैसा आणि क्षमता नव्हती. म्हणून १९९३ मध्ये कायदा बदलून वीजनिर्मिती करणाऱ्या खासगी कंपन्यांना स्वतःच्या वापरापुरती खाण चालवायची मुभा दिली गेली. पोलाद कारखान्यांना ती आधीपासून होती, सिमेंटवाल्यांना नंतर मिळाली. कोळसा बाजारात विकायचा नाही, ज्या कारखान्यासाठी पट्टा घेतला तिथेच जाळायचा, ही अट. यालाच कॅप्टिव्ह खाण म्हणतात.

पट्टा कोणाला द्यायचा हे ठरवायला १९९२ मध्ये एक छाननी समिती नेमली गेली. अध्यक्ष कोळसा मंत्रालयाचा वरिष्ठ अधिकारी, पुढे खुद्द कोळसा सचिव. सोबत रेल्वे, ऊर्जा, पोलाद अशा खात्यांचे प्रतिनिधी आणि ज्या राज्यात पट्टा आहे त्या राज्य सरकारचा माणूस. समिती अर्ज पाहायची, चर्चा करायची, शिफारस करायची. मग मंत्र्यांची सही.

या समितीला कायद्यात कुठलाही आधार नव्हता. ती एका प्रशासकीय आदेशाने जन्मली होती. पुढे हाच धागा दोन वेळा हाती येतो, एकदा सरकारच्या आणि एकदा न्यायालयाच्या.

सुरुवातीची काही वर्षं पट्ट्यांना फारशी मागणी नव्हती. दुर्गम भागातली खाण, जमीन घ्या, वनखात्याची परवानगी मिळवा, रेल्वेची सोय करा, मग कुठे कोळसा. त्या काळात ओळखीने आणि चर्चेने वाटप चाललं तरी कोणाचं फार लक्ष गेलं नाही. २००३-०४ नंतर चित्र पालटलं. पोलाद, सिमेंट, वीज सगळीकडे गुंतवणूक वाढली, कोळशाचे जागतिक भाव चढले आणि पट्टा हातात असणं म्हणजे बँकेत पत असणं झालं. एका पट्ट्यामागे अर्जदारांची रांग लागू लागली.

अडचण कुठे होती

एक टन कोळसा डोळ्यापुढे ठेवला तर अडचण लगेच दिसते. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, पुढे जो हिशेब मांडला त्यात कोल इंडियाच्या खाणींचा सरासरी विक्रीभाव टनाला साधारण १,०२८ रुपये धरला, काढण्याचा खर्च ५८३ रुपये धरला आणि भांडवल उभारणीसाठी आणखी १५० रुपये वजा केले. उरले २९५ रुपये. हा टनामागचा फायदा पट्टा मिळालेल्याचा. राज्याला स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळत होतं, पण ते प्रत्येक खाणीला लागू असतंच. पट्टा हाती आल्याबद्दल वेगळं काही द्यावं लागत नव्हतं. एका पट्ट्यात कोट्यवधी टन कोळसा असू शकतो, म्हणजे छाननी समितीच्या एका शिफारशीची किंमत काय होती याचा अंदाज येतो.

एवढी किंमत असलेली वस्तू वाटताना कसोट्या काय होत्या? कागदावर होत्या : प्रकल्प किती पुढे गेला आहे, कंपनीची आर्थिक ताकद, तांत्रिक अनुभव, राज्य सरकारची शिफारस, संबंधित मंत्रालयाची शिफारस. पण कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. दहा अर्जदारांना समोरासमोर ठेवून गुण दिलेला तक्ता नव्हता. कॅगचा आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य आक्षेप इथेच आहे. इतिवृत्तात कंपन्यांची नावं येतात, राज्याचं म्हणणं येतं, आणि शेवटी ‘समितीने अमुक कंपनीची शिफारस करण्याचं ठरवलं’ अशा अर्थाचं वाक्य येतं. अमुकच का, तमुक का नाही, हे कुठे सापडत नाही.

सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या रिकाम्या जागेचं महत्त्व सांगायला नको. कारण लिहायचं नसेल तर कारण काहीही असू शकतं. एखाद्या मुख्यमंत्र्यांचा फोन, एखाद्या खासदाराचं पत्र, कंपनीने फुगवून दाखवलेली संपत्ती, नसलेली जमीन आहे म्हणून केलेला दावा, आधी मिळालेले पट्टे लपवणं. सीबीआयच्या गुन्ह्यांमध्ये पुढे याच प्रकारचे आरोप आले. तपासणारा कोणी नव्हता, कारण तपासायचं काय हेच ठरलेलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

२००४ च्या उन्हाळ्यात सत्तेवर आलेलं सरकार आघाडीचं होतं. मोठ्या पक्षाकडे १४५ जागा, डाव्यांचा बाहेरून पाठिंबा. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या व्यक्तिगत सचोटीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती, पण पक्षाची सूत्रं त्यांच्या हातात नव्हती, आणि मित्रपक्षांनी कोणतं खातं कोणाला द्यायचं हेही बरंचसं त्या त्या पक्षातच ठरत होतं. कोळसा खात्याला त्या पहिल्या वर्षात मंत्री आले, गेले, परत आले, परत गेले. मधल्या काळात, मार्च २००५ ते जानेवारी २००६ आणि पुन्हा नोव्हेंबर २००६ पासून २००९ पर्यंत खातं पंतप्रधानांकडेच राहिलं.

या परिस्थितीत तीन वाटा होत्या. एक, कायदा बदलायचा आणि लिलाव त्यात लिहायचा. ही वाट भक्कम, पण संसदेतून जाणारी आणि म्हणून लांबणारी. दुसरी, ज्या प्रशासकीय आदेशाने छाननी समिती नेमली त्याच प्रकारच्या आदेशाने बोलीची पद्धत आणायची. ही झटपट होणारी, मात्र कोर्टात आव्हान मिळू शकणारी. तिसरी वाट कोणी टिपणात ठळकपणे लिहिली असेल असं वाटत नाही, पण ती नेहमीच असते : नवी पद्धत येईपर्यंत वाटप थांबवायचं.

थांबवण्याच्या विरुद्ध कारणं होती आणि ती खोटी नव्हती. वीज कमी पडत होती, अकराव्या योजनेसाठी वीजनिर्मितीची मोठी उद्दिष्टं ठरत होती. लिलावामुळे कोळसा महागेल, मग वीज महागेल, हा युक्तिवाद राज्यमंत्र्यांनीही केला आणि उद्योगांनीही. राज्यांचा विरोध तर पक्षाच्या पलीकडचा होता. पश्चिम बंगालमध्ये डावे, छत्तीसगड आणि राजस्थानात भाजप, ओडिशात बिजू जनता दल. कोळसा असलेल्या बहुतेक राज्यांनी लिलाव नको म्हणून कळवलं. त्यांचं म्हणणं असं की बोलीने पट्टा मिळाला तर कंपनी कारखाना आमच्याच राज्यात काढेल याची खात्री नाही. ते समजण्यासारखं आहे. पण छाननी समितीत राज्याच्या शिफारशीला जे वजन होतं, तेही लिलावात जाणार होतं. विरोधामागे दोन्ही गोष्टी होत्या असं मानायला मला कारण दिसतं.

पहिला निर्णय : ऑक्टोबर २००४

सचिव पी. सी. पारख यांच्या टिपणावर आक्षेप आले, त्यांनी त्याला मुद्देसूद उत्तर दिलं, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये पंतप्रधानांनी बोलीच्या पद्धतीला तत्त्वतः मान्यता दिली. तेव्हा कोळसा खातं त्यांच्याकडेच होतं. म्हणजे मंत्री तेच, पंतप्रधान तेच, आणि दोघांचंही मत लिलावाच्या बाजूने. आपल्याकडच्या कारभारात इतकी अनुकूल वेळ क्वचित येते.

मान्यतेला तारीख जोडलेली नव्हती. वटहुकूम काढावा असा विचार झाला, तो मागे पडला. पुढच्या महिन्यात मंत्री बदलले, जुने आक्षेप नव्याने फाइलवर आले. जुलै २००५ मध्ये पंतप्रधान कार्यालयात बैठक झाली आणि ठरलं ते असं : आधी कायदा दुरुस्त करायचा, मग बोली. तोपर्यंत वाटप जुन्या पद्धतीने चालू ठेवायचं.

या प्रकरणात एकाच शब्दावर बोट ठेवायचं झालं तर मी ‘तोपर्यंत’ या शब्दावर ठेवीन. लाच घेण्याचा निर्णय कोणी बैठकीत घेत नाही. बैठकीत चांगला निर्णय होतो, सगळे माना डोलावतात, आणि शेवटच्या ओळीत वाईट पद्धतीला अनिश्चित मुदतवाढ मिळते. त्या ओळीवर सही करणारा प्रामाणिक असला तरी तिचा फायदा घेणारे प्रामाणिक असतीलच असं नाही. लिलाव येणार हे एकदा बाहेर कळलं की फुकट पट्टा मिळण्याचे दिवस मोजकेच उरले हेही कळतं, आणि रांग आणखी वाढते. घडलंही तेच. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत मिळून शंभराच्या आसपास पट्टे वाटले गेले. सुधारणेची घोषणा करून ती लांबवल्यामुळे घाई वाढली आणि सगळ्यात जास्त वाटप याच मधल्या काळात झालं.

दुसरा निर्णय : २००६

एप्रिल २००६ मध्ये दिशा पुन्हा बदलली. फक्त कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा दुरुस्त करण्याऐवजी सगळ्या खनिजांना लागू असलेला खाण व खनिज कायदाच दुरुस्त करावा, म्हणजे लिलाव सर्वांना लागू होईल, असं ठरलं. विचार म्हणून हा अधिक व्यापक आणि चांगला होता. पण खातं वेगळं, आक्षेप घेणारे जास्त, राज्यांशी बोलणी अधिक. जे काम एका खात्यात व्हायचं ते अनेक खात्यांत गेलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये विधी खात्याने एक मत दिलं, आणि मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. पट्टे वाटपाची पद्धत मुळात कायद्यात कुठे लिहिलेलीच नाही, छाननी समिती प्रशासकीय आदेशाने चालते. तेव्हा बोलीची पद्धतही तशाच आदेशाने आणता येईल, असा त्याचा आशय. म्हणजे दुसरी वाट मोकळी होती आणि सरकारच्याच वकिलांनी ती दाखवली होती.

सरकारच्या बाजूने सांगायचं तर विधी खात्याने हेही म्हटलं होतं की पद्धतीला पक्का कायदेशीर पाया हवा असेल तर कायद्यात दुरुस्ती करणं योग्य. २०१२ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत केलेल्या निवेदनात या दुसऱ्या भागावर भर होता. कॅगच्या अहवालात पहिल्या भागावर. मत दोन्ही तऱ्हांनी वाचता येतं हे मान्य. पण ज्या जुन्या पद्धतीला पक्का पाया नाही म्हणून नवी थांबवली, ती जुनी पद्धत मात्र त्याच कच्च्या पायावर चालू राहिली. हे कसं पटवून घ्यायचं ते मला कळलेलं नाही. कोर्टात आव्हानाची भीती लिलावाच्या बाबतीत वाटली, फुकट वाटपाच्या बाबतीत वाटली नाही.

त्या वर्षाच्या शेवटी ३८ पट्ट्यांची जाहिरात निघाली. अर्ज हजाराच्या वर आले. समितीतल्या अधिकाऱ्यांनी एका खोलीत बसून, काही बैठकांत, गुणांच्या तक्त्याशिवाय हे अर्ज निवडायचे होते. त्यातले काही अधिकारी निर्मळ होते असं मला मनापासून वाटतं. तरी त्यांच्यापैकी कोणीही ‘अशा पद्धतीने मी निवडू शकत नाही’ असं लिहून ठेवल्याचं दिसत नाही. पद्धत वरून आलेली, वर्षानुवर्षं चाललेली, राज्यमंत्र्यांपासून पंतप्रधानांपर्यंत सह्या झालेली. मग आपण का आडवे यायचं?

कायदादुरुस्तीचं विधेयक ऑक्टोबर २००८ मध्ये संसदेत मांडलं गेलं, ऑगस्ट २०१० मध्ये मंजूर झालं. त्याखालचे लिलावाचे नियम निघायला फेब्रुवारी २०१२ उजाडलं.

अहवाल आला तेव्हा

कॅग विनोद राय यांच्या कार्यालयाचा अहवाल १७ ऑगस्ट २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला. ५७ पट्ट्यांच्या हिशेबाने खासगी कंपन्यांना सुमारे १.८६ लाख कोटी रुपयांचा लाभ झाला, असा त्याचा अंदाज. टनामागे तेच २९५ रुपये. याच अहवालात एक आकडा आहे ज्याकडे त्या गदारोळात पुरेसं लक्ष गेलं नाही : २०१०-११ पर्यंत ८६ पट्ट्यांतून कोळसा निघायला हवा होता, प्रत्यक्षात २८ मध्येच काम सुरू झालं होतं. वीज लवकर मिळावी म्हणून घाईने वाटप करतो आहोत, हे ज्या युक्तिवादाचं मूळ होतं, तो युक्तिवाद या आकड्यापाशी संपतो. पट्टे घेऊन बरेच जण बसून राहिले होते.

सरकारने प्रतिसाद कसा दिला हा पुढचा टप्पा, आणि माझ्या मते इथे सगळ्यात जास्त गमावलं गेलं. कोळसा अजून जमिनीखालीच आहे, मग तोटा कुठे झाला, असं एका ज्येष्ठ मंत्र्यांनी विचारलं. आकड्याच्या पद्धतीवर वाद घालायला जागा होतीच. खाण खणायला लागणारा काळ, प्रत्येक पट्ट्यातल्या कोळशाची प्रत, हे सगळं सरासरीत नीट बसत नाही. पण लोकांचा प्रश्न आकड्याचा नव्हता. त्यांना विचारायचं होतं की याला का दिलं आणि त्याला का नाही. त्याचं उत्तर इतिवृत्तात नव्हतंच, मग मंत्र्यांकडे कुठून असणार.

२७ ऑगस्टला पंतप्रधानांनी निवेदन केलं आणि खात्याचे मंत्री म्हणून निर्णयांची जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं. ते त्यांच्या स्वभावाला साजेसं होतं. मात्र जबाबदारी घेतो म्हटल्यानंतर पुढची पायरी कोणती? वादग्रस्त पट्टे त्याच आठवड्यात स्थगित करणं, सगळी इतिवृत्तं आणि अर्ज लोकांसमोर ठेवणं, सीबीआयला मोकळीक देणं. यातलं थोडं झालं. आंतरमंत्रालयीन गटाने काही पट्टे रद्द करायची, काहींची बँक हमी जप्त करायची शिफारस केली. संसदेचं पावसाळी अधिवेशन मात्र जवळजवळ वाहून गेलं. विरोधकांना राजीनामा हवा होता, चर्चा नको होती. सरकारला चर्चा हवी होती, पण हातात दाखवायला काही नव्हतं.

मग एप्रिल २०१३ मध्ये जे बाहेर आलं ते या सगळ्यापेक्षा वाईट. सर्वोच्च न्यायालयात द्यायचा तपासाचा अहवाल सीबीआयने आधी कायदामंत्र्यांना आणि पंतप्रधान कार्यालय व कोळसा मंत्रालय यांतल्या अधिकाऱ्यांना दाखवला होता, आणि त्यात बदल झाले होते. ज्यांच्या निर्णयांचा तपास, त्यांनाच अहवालाचा मसुदा. ८ मे रोजी न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं. दोन दिवसांनी कायदामंत्र्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी काही महत्त्वाच्या फाइली सापडत नसल्याचंही समोर आलं.

वाटपातला दोष धोरणाचा होता, असं तोवर निदान म्हणता येत होतं. मसुदा पाहण्याचं समर्थन तेवढंही करता येत नाही.

निकाल आणि त्याची झळ

२५ ऑगस्ट २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या पीठाने निर्णय दिला : १९९३ पासूनचं छाननी समितीमार्फत आणि थेट सरकारी मार्गाने झालेलं वाटप बेकायदा आणि मनमानी. १९९३ पासून म्हणजे काँग्रेस, संयुक्त आघाडी, राष्ट्रीय लोकशाही आघाडी, संयुक्त पुरोगामी आघाडी, सगळ्यांच्या काळातलं. ‘तुमच्या वेळी’ आणि ‘आमच्या वेळी’ या भांडणाला तिथे कागदोपत्री उत्तर मिळालं. महिनाभराने, २४ सप्टेंबरला, २१८ पैकी २१४ पट्टे रद्द झाले. ज्यांनी कोळसा काढला होता त्यांना टनामागे २९५ रुपये भरायला सांगितलं गेलं. कॅगच्या तक्त्यातला तोच आकडा आता दंड म्हणून परत आला.

ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने वटहुकूम काढला. जो मार्ग २००४ मध्ये विचारात येऊन मागे पडला होता, तो दहा वर्षांनी चार आठवड्यांत पूर्ण झाला. २०१५ च्या सुरुवातीला लिलाव झाले. तेही निर्दोष नव्हते. वीज कंपन्यांनी पट्टा हवाच म्हणून शून्याच्या खाली उतरून उलट सरकारलाच पैसे देण्याच्या बोली लावल्या, काही बोली सरकारने फेटाळल्या, त्यावरून कज्जे झाले. पण कोणी किती बोली लावली हे कोणालाही पाहता येत होतं.

झळ मात्र पट्टे वाटणाऱ्यांपेक्षा इतरांना जास्त बसली. पट्ट्याच्या भरवशावर बँकांनी वीजप्रकल्पांना कर्जं दिली होती, त्यातली कितीतरी पुढे थकली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळची बरांजची खाण घ्या. पट्टा शेजारच्या राज्याच्या सरकारी वीज कंपनीकडे होता, खाण चालू होती, गावांनी जमिनी दिल्या होत्या, माणसं कामाला होती. ३१ मार्च २०१५ ला मुदत संपली आणि काम थांबलं. पट्टा कोणत्या पद्धतीने दिला गेला होता याच्याशी त्या जमीनमालकाचा आणि डंपरचालकाचा काय संबंध होता? पण रोजगार आणि पुनर्वसन वर्षानुवर्षं लटकलं ते त्यांचं.

खटल्यांचं चित्रही विचार करायला लावणारं आहे. विशेष न्यायालयाने काही कंपन्यांचे संचालक, झारखंडचे एक माजी मुख्यमंत्री, आणि १९९९ च्या एका वाटपासाठी तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री यांना दोषी धरलं. त्याचबरोबर २००६ ते २००८ या काळात छाननी समितीचे अध्यक्ष असलेल्या सचिवांनाही एकाहून अधिक खटल्यांत शिक्षा झाली. अपिलं पुढे चालत राहिली. सहकारी त्यांच्या सचोटीची ग्वाही देत होते. निवृत्त झालेला हा माणूस २०१६ मध्ये न्यायालयात म्हणाला की वकिलांचा खर्च झेपत नाही, जामिनावर राहण्यापेक्षा तुरुंगात राहून खटल्याला सामोरा जातो. आणि ज्या पारखांनी २००४ मध्ये लिलाव सुचवला, त्यांच्यावरही एका पट्ट्यासाठी २०१३ मध्ये गुन्हा दाखल झाला. सीबीआयने नंतर प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, विशेष न्यायालयाने तो न स्वीकारता मार्च २०१५ मध्ये त्यांना आणि माजी पंतप्रधानांनाही समन्स काढलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबर २००४ मध्ये पंतप्रधानांच्या मान्यतेखाली आणखी एक वाक्य हवं होतं : ‘अमुक तारखेपासून छाननी समितीची बैठक होणार नाही.’ बस. बाकी कायदा, नियम, राज्यांशी बोलणी यांना मग आपोआप वेग आला असता, कारण उद्योगांचा दबाव लिलाव लांबवण्याऐवजी तो लवकर करण्याकडे वळला असता. आघाडीच्या सरकारला हे झेपलं असतं का? मला वाटतं, झेपलं असतं. याच सरकारने २००८ मध्ये अणुकरारासाठी डाव्यांचा पाठिंबा गमावला आणि विश्वासदर्शक ठराव जिंकून दाखवला. म्हणजे जिथे पंतप्रधानांनी हट्ट धरला तिथे सरकार पणाला लावायचीही तयारी झाली होती. कोळशाच्या बाबतीत तो हट्ट धरला गेला नाही. दुबळं नेतृत्व म्हणजे ताकद नसलेलं नेतृत्व असं आपण समजतो. इथे ताकद होती, ती कुठे वापरायची याच्या यादीत कोळसा खाली राहिला.

राज्यांच्या विरोधावरही तोडगा होता. लिलावातून येणारा पैसा राज्यांनाच द्यायचा, ही तरतूद २०१४-१५ मध्ये केली गेली आणि विरोध बराचसा मावळला. २००५ मध्ये हा प्रस्ताव मुख्यमंत्र्यांपुढे गांभीर्याने ठेवून पाहायला हवा होता. तुमची शिफारस जाईल, पण तिजोरीत रक्कम येईल, असं सांगितल्यावर कोण विरोध करतो आणि कशासाठी, हे उघड झालं असतं.

आणि समजा हे काहीच शक्य नव्हतं, जुनीच पद्धत चालवणं भाग होतं, तरी त्या पद्धतीतही करण्यासारखं होतं. प्रत्येक पट्ट्यासाठी एक पान. डाव्या बाजूला सगळे अर्जदार, वर पाच कसोट्या, प्रत्येकीला आधी जाहीर केलेले गुण, खाली बेरीज, आणि राज्याची शिफारस या बेरजेच्या विरुद्ध असेल तर तिचं कारण दोन ओळींत. हे पान मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. याला ना कायदा लागत होता, ना संसद, ना मित्रपक्षांची संमती. समितीच्या अध्यक्षाला आपल्या अधिकारात ते पुढच्याच बैठकीपासून सुरू करता आलं असतं. १९९३ ते २००८ या काळात छाननी समितीच्या ३६ बैठका झाल्या, आणि न्यायालयाने कागद मागितले तेव्हा अशा एका पानावर बोट ठेवून दाखवणं सरकारला जमलं नाही.